नऊ इंच

पाटी काढून नेली, तेव्हा दगडावर
पाटीएवढा चौकोन राहिला,
बाकीच्या भिंतीहून नव्वद वर्षांनी तरुण.
त्याच्या खाली मी शिडी लावते
आणि प्रल्हादला म्हणते, सोड टेप.

दर्शनी बाजू बेचाळीस फूट चार.
काळा दगड, चुन्यात भरलेल्या दरजा.
पायऱ्या सात, सगळ्या डावीकडे झिजलेल्या,
कारण उजवीकडे पहारेकऱ्याचं स्टूल असायचं
आणि बंदुकीजवळून जायला
येवल्यात कोणाला आवडतं?

दारावर दोन सिंह.
संचालक मंडळाच्या ठरावात आहे म्हणे :
मुंबईच्या बँकांस असतात तसे.
पाथरवट सिन्नरचा. मुंबई त्याने पाहिली नव्हती,
सिंह तर नाहीच.
त्याने आयाळीला पैठणीच्या काठाची नागमोड दिली
आणि तोंड दिलं घरच्या कुत्र्याचं.
डावा भुंकायच्या बेतात.
उजव्याला कोणीतरी ओळखीचं दिसलंय.
मी लिहिते : शिल्पकाम, दोन नग, स्थिती बरी.

आत सागवानी काउंटर, उंची चार फूट एक.
समोरच्याचा चेहरा दिसावा,
हात काय करताहेत ते दिसू नये, इतकी.
पण अगदी टोकाची खिडकी
कोणीतरी कापून सव्वादोन फुटांवर आणलीय.
कड करवतीची, घाईची,
नंतर हातांनीच गुळगुळीत झालेली.
पोरांसाठी असेल, प्रल्हाद म्हणतो.

नाही, तात्यांसाठी.
दारात भगवानसा उभे. शेजारचे.
कधी आले कळलं नाही, बनियनवर जरीचा एक तार.
तात्या म्हणजे त्यांचे वडील :
खड्डामागावर चाळीस वर्षं बसून
गुडघे सरळ व्हायचे बंद झाले.
पासबुक दातात धरून, बसूनच यायचे, सरकत.
खजिनदार कुलथ्यांनी एका रविवारी
घरची करवत आणली.
त्याचा ठराव झालाच नाही.

मग तिजोरीखोली.
दार बिडाचं, त्याला माझ्या मनगटाएवढ्या कड्या.
आतून अकरा फूट दोन.
दोन्ही भिंती दोन-दोन फूट धरल्या
तर बाहेरून पंधरा दोन यायला हवं.
येतं पंधरा अकरा.
परत मोजलं.
प्रल्हादने टेपच बदलली, माझी बेरीज बघितली,
मग माझ्याकडे.
नऊ इंच कुठेच नाहीत.

मागच्या भिंतीवर हातोडीचा दांडा आपटला,
आवाज मडक्यासारखा आला.
प्रल्हादचे डोळे असे चमकले
की मला हसू आलं, आणि खरं सांगायचं
तर माझाही हात थरथरला.

काही नाही तिथं, भगवानसा म्हणाले.
मोकळं सोडलंय.
पलीकडे आमचा माग.
बँकवाले म्हणाले, फणीच्या ठोक्याने गिलावा तडकेल.
आमचे आजोबा म्हणाले,
रात्रभर नाणी मोजलेली ऐकू आली
तर आम्ही झोपायचं कसं?
गवंड्याने दोघांचं ऐकलं
आणि मधे वारा ठेवला.

मी भिंतीला कान लावला.
चुना गार. बाकी काही नाही.
आणि पलीकडे त्यांची सून या क्षणी मोर विणतेय,
हे ते शपथेवर सांगत होते.

फॉर्मवर रकाने आहेत :
दगड, वीट, लाकूड, लोखंड, राडारोडा.
ब्रासचा दर छापलेला.
मी पेन धरून थोडा वेळ उभी राहिले.
मग समासात लिहिलं, नऊ इंच,
आणि पुढे काहीच सुचलं नाही.

प्रल्हाद टेप गुंडाळत होता,
चुना पँटला पुसत.
विचारू नये ते मी विचारलं :
काका, ही पाडली तर?

भगवानसांनी खांद्यावरचा जरीचा तार सापडवला,
बोटावर गुंडाळला.
मग काय, आमचा ठोका
रस्त्यापर्यंत जाईल.
आणि घाईने निघाले,
पायऱ्यांवरून, उजव्या बाजूने.